कुठूनही उघडणारा माझा सर्व्हर

मंडळी, दोन रविवार घालवून मी कळसाडीच्या घरी छोटा सर्व्हर बसवला. पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर, वीज झिरोच्या बल्बइतकी, माझ्या सगळ्या नोट्स त्यात.

आज लोणखेड्याला वर्गात शिकवताना ऐटीत सांगितलं, "हा जगात कुठूनही उघडतो." पडद्यावर उघडायला गेलो, तर उघडेना. मुलं गालात हसायला लागली. मी वडिलांना फोन लावला.

"नाना, घरनी लाईट गई का?"

"नही रे. आम्ही वावरमा शेतस. घरमा कोणी नही, म्हणीसन मेन स्विच बंद करी उनू."

आमच्याकडे सगळे शेतात निघाले की कुलूप लावण्याआधी मेन स्विच बंद होतोच. तेवढंच मी विसरलो होतो.

संध्याकाळी नानांना समजावलं की घरी कोणी नसतानाच सर्व्हर चालू हवा. नाना त्या डबीकडे बघत राहिले. "घरमा कोणी नही, मंग तो एकला काय करस?" मग त्यांनाच माझी दया आली. "तुले लागनं ते फोन कर. मी वावरमाईन ईसन चालू करसू."

तर सर्व्हर आता खरंच जगात कुठूनही उघडतो. फक्त आधी नानांना शेतातून घरी यावं लागतं.

तुमच्या घरचा मेन स्विच कोणाच्या ताब्यात आहे?