द्रौपदाअक्कांचा चहा

माझी बायको संघमित्रा जळगावला मानसशास्त्र शिकवते. माणूस चारचौघांच्या मतानं कितपत वागतो, हे मोजणारी एक परदेशी प्रश्नावली मराठीत आणून ती इथल्या माणसांना लागू पडते का, हे तिला पीएचडीसाठी तपासायचं होतं. मी नवरा, म्हणजे मोटरसायकलचा ड्रायव्हर. मूळ प्रश्नावलीत पार्टीत नाचण्याबद्दल एक वाक्य होतं, ते मी वरातीत बसवून दिलं. संशोधनाला माझा हातभार तेवढाच.

फॉर्म भरायला आम्ही भडगावजवळ तिच्या माहेरी गेलो. तिथे द्रौपदाअक्कांना विचारल्याशिवाय कोणी पापडही लाटत नाही. साठीच्या बाई, बचत गटाच्या अध्यक्ष. बारशाचं नाव असो की मोबाईलचा रिचार्ज, निकाल त्यांच्या ओट्यावर लागतो. त्यांनी हाक दिली आणि अर्ध्या तासात साठ बाया फॉर्म भरून मोकळ्या झाल्या. संघमित्रा खूश होती.

घरी येऊन बघते तर साठही फॉर्म सारखे. ‘मी माझं मत कोणाला न विचारता ठरवते’ या वाक्यापुढे सगळ्यांची खूण ‘पूर्ण सहमत’वर. अक्कांना विचारून. आता उत्तरांत फरकच नसेल, तर प्रश्नावली काय मोजते हे कळणार कसं? महिनाअखेर प्रबंधाचं हे प्रकरण दिलं नाही तर पीएचडीची नोंदणीच रद्द होणार होती. संघमित्रा जेवली नाही. मला हसू येत होतं, पण हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी घरोघर, दार लोटून, एकेकीला वेगळं बसवून. ती वाक्य वाचायची, मी खूण करायचो. उत्तर कोणाला कळणार नाही, असं वचन तिनं प्रत्येकीला दिलं आणि मलाही त्यात बांधलं. (इथली नावं बदलली आहेत, म्हणून सांगतोय.)

अक्कांच्या शेजारणीला, लताबाईंना, तिनं विचारलं, “न आवडणारी गोष्टही दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून तुम्ही खाता-पिता?”

“पूर्ण सहमत,” लताबाई म्हणाल्या. “माले चहा आवडस नही. अक्काले आवडस. वीस वरीस व्हयनात, रोज करस, संगे पेस.”

शेवटी अक्का. ‘माझं मत मी मोकळेपणानं बोलून दाखवते’ या वाक्याला त्या थांबल्या.

“हाई कोनले दखाडशी नही ना?”

“नाही अक्का.”

“मंग पूर्ण असहमत लिख. ज्याना मनमा जे ऱ्हास, तेच मी त्याले सांगस. म्हनीसन तर बठ्ठं गाव माले इचारस.”

मी खूण केली. एवढ्या वर्षांत या बाईला कोणी काही विचारलंच नव्हतं, सगळ्यांनी फक्त होकार नेला होता. मला फार वाईट वाटलं. संघमित्रानं खाण्यापिण्याचं वाक्य वाचलं.

“सहमत. लताना चहा. माले चहा आवडसच नही बेटा. पन ती इतला जीव लाईसन करस, नही कसं म्हनू?”

संघमित्रानं माझ्याकडे बघितलं. मी फॉर्मकडे बघितलं. तेवढ्यात दार वाजलं आणि लताबाई ट्रे घेऊन आत आल्या.

अक्कांनी एक घोट घेतला. “आज मस्त व्हयना,” त्या म्हणाल्या.

लताबाईंनी त्यांच्या कपात आणखी ओतला, मग स्वतःच्या. संघमित्रानं तोंड उघडलं, वचन आठवलं, मिटलं.

प्रकरण वेळेत गेलं. प्रश्नावली इथे लागू पडते, असं सिद्ध झालं. त्या दोघी अजूनही रोज संध्याकाळी चहा पितात.