सात नावं वाचणारा मास्तर

नऊ वर्षं मी माइकवर सात नावं वाचतोय. आठवं नाव मला तोंडपाठ आहे — झोपेतून उठवलंत तरी सांगेन — पण ते या तोंडातून एकदाही बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही. दुआ मागायला हात वर केले तेव्हाही त्या नावापाशी येऊन अडखळलो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही शहाद्याचे नाही म्हणून. आणि असलात तर — आहात का? — तर एवढं करा, माझ्या दुकानावरून जाताना आत डोकावू नका.

बघा, ही माझी सवय. कुणी साधं "कसं काय मास्तर" म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न, ह्याला काय कळलंय? चहावाल्यानं कप जरा जोरात ठेवला तरी मी त्याच्या तोंडाकडे बघतो. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, ते खरंय.

मी शिंपी. मास्तर म्हणजे टेलर मास्तर, शाळेतला नव्हे. आमचं घर तीन पिढ्या शहाद्यातच, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दुकान. आवाज लहानपणापासून खणखणीत. फुटबॉलच्या टुर्नामेंटच्या जर्स्या शिवता शिवता कमिटीवाल्यांनी एके वर्षी माइक हातात दिला, तो कायमचाच. लोणखेड्याच्या रस्त्याला आमचं मैदान आहे. तीन बाजूंना भिंत, म्हणून आम्ही कौतुकानं त्याला स्टेडियम म्हणतो. चौथ्या बाजूला दर हिवाळ्यात बांबूची गॅलरी उभी राहायची, माणूसभर उंचीपासून सुरू होऊन पार दोन मजले वर.

ती गॅलरी बांधायचा मान डोंगराकडच्या माणसांचा. मोलगीकडून सहा-सात जण जीपनं यायचे, आठवडाभर मैदानावरच राहायचे. काथ्या रात्रभर पाण्यात भिजवायचे आणि ओल्या काथ्यानं बांबू आवळायचे. वाळला की तो असा घट्ट बसायचा की सोडवायला कोयताच लागायचा. त्या वर्षी मांडववाल्यानं काथ्या आणलाच नाही, निळी नायलॉनची दोरी आणून टाकली. डोंगरवाल्यांचा पुढारी कुरकुरला. म्हणाला, ही बांबूवर सरकते. कमिटीत मीही होतो. आम्ही म्हटलं, ट्रक बांधतात लोक ह्यानं, गॅलरी काय चीज आहे!

पण माझा गुन्हा तो नाही. तो सगळ्या कमिटीचा. माझा एकट्याचा वेगळाच आहे, आणि बघा, त्याच्यापाशी यायचं म्हटलं की मी अजूनही दोरीच्या गप्पा मारत बसतो.

आधी सापाचं सांगायला हवं. आमच्या टुर्नामेंटचा एक नियम होता — प्रेक्षक मैदानात उतरले की खेळ बंद, आणि बंद पडलेला सामना दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आता असा नियम असल्यावर हरणाऱ्या बाजूला अक्कल सुचणारच की! दुर्घटनेच्या दोन वर्षं आधीच्या फायनलला एक जण धापा टाकत माझ्या टेबलाशी आला, गॅलरीखाली नाग निघालाय म्हणाला. मी घाबरून माइकवर ओरडलो — साप, साप, सगळे खाली उतरा! हजारभर माणूस मैदानात. साप कसला नि कसलं काय. हरत असलेला संघ दुसऱ्या दिवशी ताजातवाना होऊन खेळला आणि कप घेऊन गेला. त्यानंतर दोन वर्षं मला गल्लीतून चालणं मुश्कील केलं लोकांनी. "काय भो मास्तर, साप सापडना का?" नमाजाला निघालो तरी तेच, मयतीला गेलो तरी तेच. पोरांनी दुकानाच्या शटरवर खडूनं नाग काढून ठेवला होता. तुम्ही हसाल. मीही वरवर हसायचो. आतून जळायचो. ठरवलं होतं, आता परत कुणाच्या बापाला आपण फसणार नाही.

आता ती फायनल. आमच्या शहाद्याचा संघ आणि मोलगीकडचा संघ. दुपारचे चार वाजून गेलेले, गोड ऊन, गॅलरी वरपर्यंत खच्चून भरलेली. मीच भरलेली. "वर जागा आहे, सरका, बायाबापड्यांना बसू द्या" — हा माझाच आवाज होता. आम्ही दोन-एकनं पुढे, दहा मिनिटं उरलेली.

तेवढ्यात वेस्ता आला.

वेस्ता म्हणजे तोच, डोंगरवाल्यांचा पुढारी. चाळिशीचा, हाडकुळा, कमरेला कोयता. त्यांच्यात कोयता म्हणजे माझ्या गळ्यात टेप असते तसा. त्यानं टेबलाच्या कडेला हात ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, लोकस्ले खाले उतार. दोरी सरकी ऱ्हायनी."

एवढंच. आरडाओरडा नाही. डोंगरातली माणसं सगळ्यांना एकेरीच बोलतात, त्यात उद्धटपणा नसतो, हे मला ठाऊक होतं. तरी त्या 'उतार'चा मला राग आला. आणि डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. ह्याचा संघ हरतोय. दहा मिनिटं उरलीत. लोक उतरले की सामना बंद, उद्या पुन्हा. वा रे वा! दुधानं तोंड पोळलेला माणूस मी, ताक फुंकणारच. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं — खोटेपणा शोधत होतो. सापडला नाही. तेव्हा मला वाटलं, हा भलताच पक्का दिसतोय.

मी काय म्हणालो सांगू?

"काय भो, साप निंघना का?"

शेजारी स्कोअर लिहिणारा अन्वर फिदीफिदी हसला. मला बरं वाटलं. दोन वर्षं जे मला टोचत होतं, ते मी एकदाचं दुसऱ्याला टोचलं होतं. वेस्ताला त्यातलं काही कळलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "उतार ना मास्तर." मी माइक तोंडाशी धरला आणि खेळाचं वर्णन सुरू केलं.

तो वळला आणि गॅलरीच्या खाली शिरला. मी बघितलं. कोपऱ्यातल्या बांबूला त्यानं खांदा लावला होता आणि आपल्या माणसांना हाका मारत होता. तेही मला नाटकच वाटलं, अल्ला कसम. चार-पाच मिनिटं झाली असतील. आमच्या पोरानं तिसरा गोल केला, गॅलरी एकदम उभी राहिली, नाचली — आणि मग नुसता कडाकडा आवाज. मी माइकवर अजून "गोऽल" म्हणत होतो.

आठ माणसं गेली. केळीच्या गाड्या भरणारा इस्माईल, माझ्याच बेंचवर बसून चहा प्यायचा. कॉलेजातल्या दोन मैत्रिणी, एकीची ओढणी मी आदल्याच आठवड्यात पिको केली होती. नवापूरहून भाच्याचा खेळ बघायला आलेला एक शेतकरी. साखर कारखान्यातला फिटर आणि त्याचे म्हातारे वडील. स्टँडवर शेंगा विकणारी गंगूबाई, जी माझ्या "वर जागा आहे"वर वर चढली होती. आणि सगळ्यात खाली, बांबूला खांदा लावलेला वेस्ता.

आता दुसरं पाप. पहिल्यापेक्षा मोठं की लहान, मी ठरवणार नाही.

चौकशी लागली. पोलिसांनी मला विचारलं, तुम्ही टेबलावर होतात, काय दिसलं? माझी पाचावर धारण बसलेली. तो माझ्याकडे आला होता हे सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता — मग तुम्ही काय केलंत? मी म्हणालो, वेस्ताला गॅलरीखाली शिरताना बघितलं. कमरेला कोयता होता. त्याचा संघ हरत होता. बस्स, तीन वाक्यं. तिन्ही खरी. दोऱ्या कापल्या असं मी म्हणालो नाही. ते गावानं स्वतःच म्हटलं, माझी वाक्यं एकापुढे एक ठेवून. मांडववाल्याला बरं झालं, कमिटीला बरं झालं. मेलेल्या माणसावर कुणी खटला चालवत नाही, कागद बंद झाला. मोलगीकडच्या माणसांना पुन्हा कुणी गॅलरीच्या कामाला बोलावलं नाही. आणि मैदानाच्या फाटकाशी दगड बसवला, त्यावर सात नावं.

तेव्हापासून दर वर्षी फायनलच्या आधी मी ती नावं वाचतो. मग मिनिटभर शांतता. लोक मला म्हणतात, मास्तर, काय भरून येऊन वाचता हो! भरून येतं ते खरंच आहे. इस्माईलच्या नावाशी माझा आवाज फाटतो, त्यात ढोंग नाही. पण नावं वाचताना माझे डोळे कागदावर कधी नसतात, लोकांवर असतात. कोण माझ्याकडे रोखून बघतंय? अन्वर पुढे सुरतला कामाला गेला. सणाला येतो तेव्हा मी त्याचा शर्ट सगळ्यांच्या आधी शिवून देतो. त्या दिवशी तो कशावर हसला हे त्याला आठवतं का? मी विचारलं नाही, तो बोलला नाही. न बोलणारा माणूस फार वाईट. एकदा दुकानाच्या कडीला निळ्या नायलॉनचा तुकडा बांधलेला सापडला. आठ दिवस मला जेवण गेलं नाही. कोण? का? नवव्या दिवशी दूधवाला म्हणाला, मास्तर, बरणी अडकवायला दोरी बांधली होती, कुठं गेली? मला हसू यायला पाहिजे होतं की नाही? मला त्याचाही संशय आला.

आणि वेस्ताची बायको. रुमलीबाई. दर वर्षी यायची. मोलगीहून जीपनं शहाद्याला, तिथून पायी मैदानापर्यंत. फाटकाच्या बाहेर, दगडापासून चार हात लांब उभी राहायची. मी नावं वाचायचो, ती ऐकायची. सात झाली की निघून जायची. मी ठरवूनच टाकलं होतं की हिला सगळं माहीत आहे. मरताना वेस्तानं कुणाला तरी सांगितलं असणार, त्यानं हिला. ही दिवस मोजतेय. एक दिवस येऊन माइक हिसकावून घेईल. तीन वर्षांपूर्वी मी कमिटीत हळूच म्हणून बघितलं, बाहेरचे लोक फाटकाशी गर्दी करतात, तिथं दोर लावू या. लावलाही. ती दोराच्या पलीकडे उभी राहिली.

यंदा ती दोराखालून आत आली.

माइक तपासत होतो. बघतो तर टेबलाच्या समोर ती. केस पार पांढरे. हात टेबलाच्या त्याच कडेला. मनात म्हटलं, आला दिवस. बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? एकदाचं सुटू.

ती हळू बोलली, आजूबाजूला कुणी ऐकू नये म्हणून — माझी अब्रू सांभाळल्यासारखी. "मास्तर, तो तुन्हाकडे येवाले निंघना व्हता. पोचना व्हता का?"

तिनंच तुटक तुटक सांगितलं. त्या दिवशी ती गॅलरीच्या मागे स्वयंपाकाची भांडी घासत होती. वेस्ता तिला म्हणाला, दोरी सरकतेय, मी मास्तरला सांगून येतो, तो माइकवरून सगळ्यांना उतरवेल. मग तो परत आला का, कुठून खाली शिरला, तिला दिसलं नाही. गर्दी फार होती. नऊ वर्षं तिला एवढंच विचारायचं होतं. शहरातल्या लोकांत शिरायची हिंमत होत नव्हती, म्हणून दर वर्षी येऊन परत जायची. आणि मी नऊ वर्षं त्या बाईच्या नजरेत सूड वाचत होतो! ती फक्त आत यायचं धाडस गोळा करत होती.

मी म्हणालो, "नाही बाई. पोचला नाही."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, पोचला असता तर तू ऐकलं असतंस. तिच्या तोंडावर इतकी सुटका मी कधी बघितली नव्हती. तिला भीती होती ती वेगळीच — की तो पोचला आणि त्याचं कुणी ऐकलं नाही. पदरानं डोळे पुसून ती यंदा पहिल्यांदाच मैदानात, पुढे, जमिनीवर बसली. नावं ऐकायला.

मी तिला तेव्हा थांबवू शकत होतो. हाक मारायचीसुद्धा गरज नव्हती, माइक हातातच होता, चालू होता. हजारभर माणूस समोर होतं. मी कागद उघडला आणि वाचायला लागलो. इस्माईलपाशी आवाज फाटला. सातवं नाव वाचलं, कागदाची घडी घातली, मिनिटभर शांतता पाळा म्हणालो. ती मान खाली घालून बसली होती, सगळ्यांसारखीच.

आठवा वेस्ता. तो पोचला होता. टेबलाला हात लावून माझ्यासमोर उभा होता, आणि दोनदा म्हणाला होता.