पाहुण्यांचा परिचय

आमच्याकडे कुठल्याही कार्यक्रमात पाहुणा बोलायला उठण्याआधी त्याची ओळख करून द्यायला एक माणूस लागतो. नव्वदनंतरची चार-पाच वर्षं बारामती आणि इंदापूर तालुक्यात तो माणूस बहुधा मी असायचो, आणि पाहुणा असायचा माझा मित्र. त्या काळात मी त्याच्यावर किती जळत होतो, हे आता लिहायला हरकत नाही. तेव्हा मात्र कुणी तसं म्हणालं असतं, तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

मी इंदापूरच्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. तो मूळचा कन्हेरीचा. बारामतीत भिगवण रस्त्याला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती पोत्यात घालून आणायचे आणि तार भरून होईपर्यंत बाकड्यावर बसून बोलत राहायचे. हा मान खाली घालून ऐकायचा आणि पुढं त्यातलंच काहीबाही लिहायचा. शिक्षण म्हणाल तर दहावी नापास. ऱ्हस्व-दीर्घाची तर त्यानं कधी फिकीरच केली नाही. त्याच्या पहिल्या पाच-सहा कथा मी लाल शाईनं तपासून दिल्या आहेत. वयानं दहा वर्षांनी लहान, त्यामुळं मला ‘सर’ म्हणायचा. मलाही ते आवडायचं.

एका वर्षी आम्ही दोघांनी पुण्याच्या एकाच दिवाळी अंकाला कथा पाठवल्या. पाकिटंही एकाच टपालपेटीत टाकली. माझी कथा महिन्याभरात ‘साभार परत’ची चिठ्ठी लावून आली. त्याची छापून आली, वर चित्रासकट. पुढच्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी त्याला संपादकाचं पत्र आलं, की यंदा कथा लवकर पाठवा. आपण होऊन मागितलेली कथा! ते पत्र दाखवायला तो एसटीनं इंदापूरला आला होता. मी म्हणालो, “वा!” आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.

माझं पुस्तक मी स्वतःच्या खर्चानं काढलं. बारा कथा होत्या. प्रकाशन समारंभ झाला, फोटो झाले, आणि नंतर सगळ्या प्रती आमच्या कॉटखाली जाऊन बसल्या. ओळखीच्या वाचनालयांना मी स्वतः नेऊन द्यायचो आणि सहा महिन्यांनी जाऊन हळूच आतलं कार्ड बघायचो. कार्ड कोरं असायचं. त्याच्याकडे मात्र प्रकाशक पुण्याहून दुकानात चालत आला. ग्रीसनं माखलेल्या हातानं यानं करारावर सही केली. दोन वर्षांत दुसरी आवृत्ती निघाली.

तेही मी गिळलं असतं. पण मग त्याला कथाकथनाची बोलावणी यायला लागली. गणेशोत्सव, शिवजयंती, साखर कारखान्याचे कार्यक्रम, शाळांची संमेलनं. मानधनाचं पाकीट मिळायचं, जाण्यायेण्याचा खर्च मिळायचा, शिवाय कार्यक्रमाच्या जागीच पुस्तकं खपायची. शेवटी त्यानं दुकान भावाच्या हवाली केलं आणि गोष्टी सांगून घर चालवायला लागला. गोष्टी सांगून! मी वीस वर्षं व्याकरण शिकवत होतो ते पोटासाठी, आणि लेखक व्हायचं होतं ते मला.

आयोजकांना आमची दोस्ती ठाऊक होती. “सर, परिचय तुमीच करून द्या, तुमच्यासारखं कुणाला बोलता येतंय?” असं म्हणून ते मला न्यायचे. पत्रिकेवर त्याचं नाव ठळक, फोटोसकट, आणि माझं तळाशी, सभामंडपाच्या पत्त्याच्या जरासं वर. तरी मी जायचो. नाही म्हणालो असतो तर लोकांना कारण कळलं असतं.

त्याची एक कथा सगळीकडे मागितली जायची. एक म्हातारे आबा दर महिन्याला जळालेली मोटार घेऊन दुकानात येतात. कारागीर वैतागतो, लाइनमनला दोष देतो, वायरिंग तपासायला त्यांच्या विहिरीवर जातो. तिथं शेवटी उलगडतं की आबा मोटार मुद्दाम जाळतात. घरात त्यांच्याशी कुणी बोलत नाही. मोटार भरून होईपर्यंत दुकानात चार माणसांत बसायला मिळतं, म्हणून. या जागेवर बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी ती कथा वीसेक वेळा ऐकली आणि वीसही वेळा गाडी त्या वळणावर आली, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आबा मी पण पाहिले होते. त्याच बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसून मी चहा प्यायलो होतो. मला का दिसलं नाही?

अंथुर्ण्याला एका वाचनालयाचा वर्धापनदिन होता. रविवारची सकाळ, देवळापुढं मांडव, बायाबापड्या, पोरंटोरं, सगळं गाव गोळा झालेलं. आदल्याच आठवड्यात माझी एक कथा पुन्हा परत आली होती. मी परिचयाला उठलो. त्याचं गाव, दुकान, पुस्तकं सगळं सांगून झालं, आणि मग मी त्याच्या त्या कथेची स्तुती करायला लागलो. ती किती थोर आहे हे सांगता सांगता, “माणसाच्या सोबतीसाठी स्वतःची मोटार स्वतःच जाळणाऱ्या त्या आबांना हा लेखक अमर करून गेला,” असं म्हणालो. ओघात निघून गेलं, असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ओघात काही नव्हतं. ते वाक्य मी एसटीत इंदापूरपासून मनात घोळवत आलो होतो.

समोर लोक एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “आगं बाई, बिचारा!” झालं. तो सांगणार होता ती कथा तिथंच संपली होती. मी खुर्चीत बसलो आणि त्याच्याकडे पाहिलं. तो पायातल्या चपलेशी चाळा करत होता. मग उठला, माइक खाली ओढला आणि म्हणाला, “आज मी माजी गोष्ट सांगणार न्हाय. आत्ता ज्यांनी माजी वळख करून दिली, त्या सरांची सांगतो. त्यांच्या पुस्तकातली हाय.”

त्यानं माझी ‘नोटीस’ सांगितली. शाळेचा शिपाई निवृत्त होणार असतो, त्याला वाचता येत नसतं. त्याच्या निरोपासाठी वर्गणी काढायची नोटीस हेडमास्तर त्याच्याच हातात देऊन वर्गावर्गात फिरवतात. त्याला कळू द्यायचं नाही, अशी पोरांना ताकीद. पोरं हसू दाबतात. शेवटी कळतं की पहिल्याच वर्गाच्या दारात त्यानं ती एका पोरीकडून वाचून घेतली होती आणि पोरांचा आनंद जाऊ नये म्हणून पुढं सगळ्या वर्गांत भोळा चेहरा करून फिरला.

मी त्यात शिपायाच्या मनःस्थितीवर चार पानं लिहिली होती. त्यानं चारही पानं उडवली. त्या जागी तो नुसता माइकपासून बाजूला झाला आणि हातात कागद धरल्यासारखा मांडवातून चालत गेला. एक वर्ग. दुसरा वर्ग. मघाची म्हातारी आता हुंदके देत होती, माझ्या कथेवर. टाळ्या पडल्या तेव्हा त्यानं माझ्याकडे हात केला, लोक माझ्याकडे वळले, मी उभा राहून नमस्कार केला. माझ्या लिहिण्याला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि त्याही त्याच्या आवाजाला मिळालेल्या. आनंद झाला म्हणावं तर एक गोष्ट सलत होती. इतकी चांगली कथा माझी होती, आणि मलाच ती सांगता आली नव्हती.

जेवणं झाली. आम्ही रस्त्याकडेला उभे राहिलो, त्याला बारामतीची गाडी हवी होती, मला इंदापूरची. त्याच्या गाडीची धूळ लांबून दिसायला लागली, तेव्हा शालीची घडी पिशवीत कोंबत, माझ्याकडे न बघता तो हसून म्हणाला, “सर, पुन्ना शेवट सांगू नका बरं का. मला तुमची एवढी एकच गोष्ट पाठ हाय.”

त्याला सगळं कळलं होतं. मला शरम वाटायला हवी होती. ती वाटली, पण गाडी गेल्यावर. त्या क्षणी जे आधी मनात आलं, ते तोंडातून निघूनही गेलं.

“एकच? बाकीच्या का नाही केल्यास?”