आयुधपूजेला हललेली गाडी

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हाही नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी पुटपुटत राहायचो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायला बसलो, तर पहिल्या वाक्यातच भांडण काढीन आणि उठून जाईन. तसा स्वभावच आहे माझा.

कुठून सुरू करू? गाडीपासूनच करतो.

आमचं घराणं तंजावरचं मराठी. शाळा अर्धवट सोडून मी मद्रासला आलो आणि लिलावात निघालेली जुनी यंत्रं घेऊन, दुरुस्त करून विकायला लागलो. जनरेटर, पंप, फ्रीज, काय मिळेल ते. घासाघीस करण्यात मला तोड नव्हती. आवाज चढवायचा, पाठ फिरवायची, चार पावलं जायची — विकणारा मागून हाक मारतोच. अशा कमाईवर मी तांबरमच्या अलीकडे, तेव्हा ओसाड असलेल्या भागात, जागा घेतली आणि घर बांधलं. घरापुढे मोठी हिरवळ केली. आमच्यासारख्यांच्या घरापुढे कुठली आली हिरवळ? ती साहेबांच्या बंगल्यांपुढे. म्हणूनच केली.

आणि ती एका माणसाला दाखवायला केली, हेही सांगायला हवं. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. बहिणीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, त्यांनी कुणाला तरी माझी ओळख करून दिली : "हे आमचे मेहुणे. भंगारात असतात." पंगत हसली. तेही हसले, आणि पुढच्या घासाला विसरले असतील. मी विसरलो नाही. ते वाक्य मी वर्षानुवर्षं सांभाळलं. दुकान वाढवताना, घर बांधताना, रात्री झोप येईना तेव्हा — ते माझ्याजवळ होतं.

एन्नोरच्या बाजूला एक परदेशी इंजिनियर राहत असे. तो मायदेशी परत निघाला तेव्हा त्याच्या घरातलं सामान विक्रीला निघालं. त्यात ही गाडी होती. गवत कापायची, वर बसून चालवायची, आणि चालायची बॅटरीवर. सीटखाली आणि बॉनेटखाली मिळून सहा मोठ्या बॅटऱ्या. पेट्रोल नाही, धूर नाही. आणि आवाज — आवाज जवळजवळ नाहीच. पातं फिरत असेल तर पंख्यासारखी घरघर, आणि पातं बंद करून नुसती चालवली तर काहीच नाही. मागून आली तरी कळायचं नाही. मला तीच तिची सगळ्यात मोठी ऐट वाटायची.

साऱ्या मद्रासमध्ये अशी दुसरी गाडी नसेल, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. खरं होतं की नाही, कोण बघायला जातंय? रविवारी सकाळी स्वच्छ धोतर नेसून मी तिच्यावर बसायचो आणि हिरवळीला फेऱ्या मारायचो. कुंपणापाशी माणसं थांबायची. बायको, पद्मा, ओसरीवरून म्हणायची, "पुरे की आता, टक्कल पडेल त्या गवताला."

पण बॅटऱ्या लाडावलेल्या. त्यांना डिस्टिल्ड वॉटर लागायचं, रात्रभर चार्जिंग लागायचं, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नसे. पहिल्या वर्षी दसऱ्याला नेमकं तेच झालं. तिकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल — नवमीला आयुधपूजा. घरातलं, दुकानातलं प्रत्येक यंत्र, प्रत्येक हत्यार धुऊन पुसून त्याला चंदन-कुंकू लावायचं, हार घालायचा, आणि त्या दिवशी त्याला विश्रांती. हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, चाकांखाली लिंबं ठेवून गाडी चालवायची. लिंबं फुटली की वर्षाची सुरुवात झाली. त्या वर्षी सगळे नातेवाईक जमले, मी गाडीवर बसलो, किल्ली फिरवली — आणि काही नाही. लिंबं जागच्या जागी. भाऊजी ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. म्हणाले, "असू दे हो. पूजेला बरी आहे."

पुन्हा हसले सगळे.

आता पुढच्या वर्षाचा दसरा. मी अजून फिरतोच आहे गोल गोल, हिरवळीवर फिरायचो तसा. सांगतो.

आमच्याकडे दूध घालायला मुनुसामी यायचा. मला मुदलाळी म्हणायचा, म्हणजे मालक. गाय दारात आणून, डोळ्यांदेखत दूध काढून द्यायचा. पद्माला दुसरं दूध चालत नसे. गाईबरोबर तिचं वासरू असायचं, काही आठवड्यांचं, तांबूस रंगाचं. मुनुसामी त्याला कन्नुकुट्टी म्हणायचा, म्हणजे वासरूच, पण तो म्हणायचा तेव्हा ते नाव वाटायचं. वासरू आधीच दूध पिऊन टाकेल म्हणून दुपारी आल्यावर तो त्याला आमच्या जास्वंदीच्या कुंपणाच्या आत, सावलीत बांधायचा, गाईला कोपऱ्यावरच्या हातपंपावर पाणी पाजून आणायचा, आणि मग पान्हा फुटावा म्हणून वासराला सोडायचा. जागा पद्मानेच दाखवली होती. मलाही माहीत होती.

माहीत होती. हे मुद्दाम सांगतो आहे.

नवमीला सकाळी पूजा झाली. गाडीला हार, चंदन, चारी चाकांना कुंकू. जेवणं झाली, घर झोपलं. आणि मला चैन पडेना. उद्या नाही चालली तर? उद्या पुन्हा खांबाला टेकून ते काहीतरी बोलले तर? मी उठलो, शेडमध्ये गेलो. विश्रांतीचा दिवस होता. हार बाजूला काढून ठेवला आणि किल्ली फिरवली.

चालली. काय सांगू, अंगातून वीज गेल्यासारखं झालं. हळूच बाहेर काढली, पुढे नेली, मग रिव्हर्स कसा पडतो ते पाहायला कुंपणाच्या बाजूला मागे घेतली. मागे घेताना मी मागे पाहत नव्हतो. समोरच्या बॅटरीच्या मीटरकडे पाहत होतो — काटा पडत नव्हता, आणि मी उद्याचा भाऊजींचा चेहरा बघत होतो. मागचं चाक कशावरून तरी चढलं आणि उतरलं. मऊ.

वासरू झोपलेलं होतं. त्याला ऐकू काय येणार?

ते मेलं नव्हतं. कंबर मोडली होती. पुढचे पाय हलत होते, मागचे नव्हते. मी खाली बसलो, हात पुढे केला तर त्याने माझी बोटं तोंडात घेतली आणि चोखायला लागलं.

तेव्हा हाक मारता आली असती. कुणाला तरी उठवता आलं असतं. चार घरं पलीकडे जनावरांच्या डॉक्टरांचा कंपाउंडर राहत होता. मला हे सगळं त्या क्षणी सुचलं होतं, नंतर नाही. आणि त्याबरोबर हेही सुचलं की आयुधपूजेच्या दिवशी, गाईचं वासरू, माझ्या गाडीखाली — आणि उद्या भाऊजी येणार.

मी कुंपणाला बांधलेला दोर सोडला. वासरू उचललं, फाटकाबाहेर नेलं आणि रस्त्याच्या कडेला ठेवलं. खडीच्या लॉऱ्या जायच्या तिथून. मग गाडी शेडमध्ये नेली, चाकं पुसली, कुंकू पुन्हा लावलं, हार घातला. हात धुतले. ओसरीवर येऊन बसलो.

मुनुसामी गाय घेऊन आला तेव्हा मीच आधी ओरडलो. सवयच ती, पहिला आवाज आपला असायचा. "बांधून ठेवायला काय झालं होतं रे तुला? आत्ता लॉरी गेली, मी आवाज ऐकला! माझ्या दारात हे पाप?" गल्ली जमा झाली. पद्मा धावत आली. तो रस्त्यावर बसला होता, वासराचं डोकं मांडीवर घेऊन. तमिळमध्ये म्हणत होता, "नीट बांधलं होतं, मुदलाळी. नीटच बांधलं होतं." मी म्हटलं, "मग सुटलं कसं?" तो हातातला दोर बघत राहिला. मग म्हणाला, "चूक माझी असेल."

संध्याकाळपर्यंत ते गेलं.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरळीत चालली. चारही लिंबं फुटली. भाऊजी म्हणाले, "चालते की." एवढंच. मग ते फराळाला आत गेले. मी गाडीवर बसून राहिलो.

काही दिवसांनी मुनुसामी पुन्हा येऊ लागला. गाय पान्हा चोरत होती, म्हणून त्याने तिकडे करतात तेच केलं होतं — त्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून आणला होता. खांद्यावर टाकून आणायचा, गाईपुढे उभं करायचा. गाय चाटायची, आणि दूध द्यायची. पद्मा फाटकाशी भांडं घेऊन उभी. म्हणायची, "बिचारी. तिला काही कळत नाही." त्याच दुधाची कॉफी मला यायची. मी प्यायचो. एकदा म्हणालो की डेपोचं दूध सुरू करू, स्वच्छ असतं. तिने माझ्याकडे पाहिलं. "आत्ता बंद करायचं त्याचं दूध? कशाला? काय माणूस आहात हो तुम्ही."

दूध चालूच राहिलं. सकाळ-दुपार ते पेंढ्याचं वासरू दारात यायचं. गाईने चाटून चाटून त्याच्या पाठीवरचे केस गेले.

गाडी मी पुढच्याच वर्षी विकून टाकली. बॅटऱ्या परवडत नाहीत, असं सांगितलं.

मुनुसामीने नंतर गाय विकली. पुष्कळ वर्षांनी मी एन्नोरला एका गोदामावर जुने पंप बघायला गेलो, तर फाटकावर तो वॉचमन होता. त्याने ओळखलं, अम्मा कशा आहेत म्हणून पद्माची चौकशी केली. मी निघालो तेव्हा त्याने फाटकाला साखळी घातली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. दोन पावलं गेला आणि परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं. माझी नजर गेली तशी ओशाळून म्हणाला, "माझ्या हाताचा भरवसा नाही, मुदलाळी. तुम्हाला माहीतच आहे."

मी मान हलवली. मोटारीत बसलो आणि आलो.

त्याची गाठ सैल नव्हती. ती सोडताना माझं नख तुटलं होतं.