बोट उचलल्यावर

इनपुटला काहीही जोडलेलं नव्हतं, तरी तपासणीच्या स्क्रीनवर लाट उमटत होती. सोनोग्राफीच्या यंत्रात बसणारा अ‍ॅम्प्लिफायरचा तो बोर्ड, तळहाताएवढा. शरीरातून परत आलेला क्षीण प्रतिध्वनी मोठा करून दाखवायचा, एवढंच त्याचं काम. इथे आलं काहीच नव्हतं, आणि तो दाखवत होता.

मी घाबरले. हा बोर्ड बसवलेलं यंत्र उद्या कुणा बाईच्या पोटावर टेकवलं जाईल. पडद्यावर जे दिसेल तेच डॉक्टर खरं धरतील.

"बोट लावून बघ," शेजारच्या टेबलावरून वैदेही म्हणाली. दोष शोधताना आमच्या लॅबमध्ये सगळे आधी हेच करतात. मी बोर्डावरच्या चिपच्या धातूच्या पायाजवळ बोट टेकवलं. लाट विरली, रेघ सरळ झाली. बोट उचललं, लाट परत आली.

"आउटपुटच कुठूनतरी इनपुटात शिरतंय," ती म्हणाली. म्हणजे बोर्ड स्वतःचाच आवाज ऐकत होता आणि तो बाहेरून आलाय असं समजून आणखी मोठा करत होता. माझी भीतीही अशीच वाढते. आईचा फोन लागला नाही, की माझ्याच मनातली शंका मला बातमीसारखी ऐकू येते आणि त्या बातमीने मी आणखी घाबरते. कुणी खांद्यावर हात ठेवला की तेवढ्यापुरतं थांबतं.

पण यंत्राबरोबर माझं बोट जाणार नाही.

"झालं का शांत?" वैदेहीने विचारलं.

मी पुन्हा बोट टेकवलं होतं.

"झालंय," मी म्हणाले. ते उचलायचा मात्र धीर होत नव्हता.