कुंकू लागलेला राणीछाप

रखमाला राग आला की तिचा कोयता मासळीवर जरा जोरात पडे, आणि गिरण्यांच्या संपाच्या आठव्या महिन्यात डिलाईल रोडवर तो रोजच जोरात पडत होता. पहाटे मच्छीमार नगरातून पाटी घेऊन यायचं, आणि गिऱ्हाइकानं बोंबलाच्या वाट्याकडं नुसतं बघून पुढं जायचं. त्यात हा रमाकांत. जुन्या नाण्यांचा व्यापारी. पूर्वी महिन्यातून एकदा उगवायचा, आता रोज. "रखमाबाय, सुट्टे दाखव गो," म्हणत ओल्या चिल्लरीत बोटं घालायचा. गिरणगावातल्या डब्यांतून आणि देव्हाऱ्यांतून नाणी बाहेर पडताहेत, हे मेल्याला बरोबर कळलं होतं.

त्या बुधवारी चिल्लरीत राणीछाप रुपया निघाला. चांदीचा. राणीच्या कानात कुंकू बसलेलं.

"तीस देतो," रमाकांत म्हणाला.

"देवाचा हाय तो. हात काढ."

रुपयाचा वाटा त्या दिवशी एकटीनंच नेला होता, समोरच्या चाळीतल्या राधाबाईनं. सोनाराकडं गेली असती तर चाळभर झालं असतं. मासळीवालीच्या पिशवीत रुपया म्हणजे रुपया. एवढी चांदी बाईनं अब्रूपायी चार बोंबलांवर घालवली होती. रखमाचं डोकंच फिरलं. ती तशीच जिना चढली.

"राधाबाय, तुमचा देवाचा रुपया चुकून आला माझ्याकडं."

राधाबाईचा संपावरचा नवरा दौलत खाटेवर बसला होता. त्यानं देव्हाऱ्याकडं मान वळवली, तशी राधाबाई मध्ये येऊन उभी राहिली.

"आमचा नाय तो. आमचा हाय जाग्यावर."

आपण नवऱ्यासमोर काय बोलून बसलो ते रखमाला तेव्हा कळलं. "मग दुसऱ्या कुणाचा आसंल," ती पुटपुटली. उरलेल्या सुकटीच्या पुडीत तिनं रुपया सरकवला, पुडी राधाबाईच्या हातात कोंबली आणि निघाली. जिना उतरताना तिनं गिरणीमालकांना शिव्या घातल्या, पुढाऱ्यांना घातल्या, रमाकांतला घातल्या, आणि स्वतःच्या तोंडालाही सोडलं नाही.

पुढच्या बुधवारी राधाबाई आली, वाटा घेऊन खाली मान घालून गेली. रखमानं मूठ उघडली. तोच राणीछाप. ओळखू येऊ नये म्हणून चिंचेनं लख्ख घासलेला, कानात कुंकवाचा कणही नाही.

रमाकांत समोर उभाच होता. "आता तर देवाचा नाय ना?"

रखमानं पदराला हात पुसला, आपल्या कपाळावरचं कुंकू बोटावर घेतलं आणि राणीच्या कानात भरलं.

"हाय," ती म्हणाली.