मामाची जर्मनची होडी

माझ्या मामाला पोहता येत नाही, मासे पकडता येत नाहीत आणि उन्हात बसलं की त्याचं डोकं धरतं. तरीही दुकान मुलाच्या हाती सोपवून मोकळा झाल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर तळ्याकाठी पडलेली एक जुनी होडी विकत घेतली.

दुकान चष्म्यांचं. उभा जन्म मामाने लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात घालवला. लहान स्क्रू, नाजूक दांड्या, काचेवरचे ओरखडे. कुणाचा चष्मा जरा तिरका दिसला की अनोळखी माणसालाही थांबवून तो सरळ करून द्यायचा. मामी म्हणायची, "लग्नात अंतरपाट बाजूला झाल्यावर ह्यांनी आधी माझा चष्मा बघितला, मग मला."

होडी ॲल्युमिनियमची होती. जुनी माणसं ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, तसं मामीने तिला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, 'जर्मनचं पातेलं'. रंगही धड एक नव्हता. बाहेरून हिरवा, त्याखाली कुठे कुठे निळा, आणि पोचे तर इतके की मोजायला बसलं तर संध्याकाळ व्हावी. विकणारा जाळी दुरुस्त करणारा माणूस. ती कुणी बनवली, कधी बनवली, त्याला काही ठाऊक नव्हतं. "मी घेतली तेव्हाही म्हातारीच होती," एवढंच तो म्हणाला.

सकाळी मामा डब्यात पोळीभाजी घेऊन तळ्यावर जायचा आणि दुपारी रिकाम्या हाताने परत यायचा. येताना कोपऱ्यावरच्या बाजारातून मासळी आणायचा. मामी पिशवीत डोकावून विचारायची, "आज गळाला बर्फासकट लागली का?" मामा हसायचा. त्याला मासळीचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते वल्ह्यांचं. समोरच्या झाडाचा नेम धरून निघावं, तर पोचावं भलत्याच जागी, डाव्या हाताच्या वेताच्या झुडपात. "हात बसला नाही अजून," असं म्हणत तो रोज नव्याने झुडपात शिरायचा.

मग एकदा त्याने होडी विटांच्या थरांवर पालथी घालून जुना रंग खरवडायला घेतला. मी त्याची भाची, दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळे असल्या कामांना मला वॉरंटशिवाय पकडलं जातं. मी बाहेरून खरवडत होते, मामा आतून. बसायच्या फळीखाली त्याला एका रांगेत बुजवलेली भोकं दिसली.

"होडीला भोकं कोण पाडतं गं?" तो म्हणाला. "आणि पाडून पुन्हा कशाला बुजवतं?"

एवढं पुरे होतं. चष्मेवाला माणूस, एवढासा ओरखडा दिसला तरी जेवण न जाणारा. त्याने खिशातून भिंग काढलं आणि फळीखाली आडवा झाला. निळा रंग गेला, त्याखालचा पांढुरका रंग आला आणि त्यावर काळी अक्षरं. उलटी होती, म्हणून मामाने मान वाकडी करून वाचली.

"हेर काढू नये."

"काय?"

"हेर. काढू. नये." मामा बाहेर आला. चेहऱ्यावर धूळ, डोळ्यांत चमक. "अगं, ही साधी होडी नव्हे."

घरी आल्यावर मामी म्हणाली, "मासे काढता येत नाहीत, निदान हेर तरी काढू नका." पण समोरच्या घरातले निवृत्त फौजी काका हे ऐकून चहा अर्धा टाकून आले. त्यातून मामी 'जर्मनचं पातेलं' म्हणाली, ते त्यांनी अर्धवट ऐकलं. झालं. त्यांनी खुर्चीत ताठ बसून सांगितलं, की ही होडी जर्मनीतली, युद्धातली, आणि त्या ओळीचा अर्थ सरळ आहे: शत्रूच्या किनाऱ्याजवळ हेराला होडीतून बाहेर काढू नये, आतच झाकून ठेवावा.

"पण जर्मनीत मराठी पाटी कोण लावेल?" मामीने विचारलं.

काकांनी आवाज खाली आणला. "तीच तर त्यांची चलाखी," म्हणाले.

पुढचे काही दिवस मामाने ज्याला त्याला गाठून विचारलं. तळ्यावरचे लोक त्याला लांबून बघूनच वाट बदलू लागले. उत्तर मिळालं ते मामीला, आणि तेही बसमध्ये.

मामी बहिणीकडे निघाली होती. गाडी जुनाट, खिळखिळी. खिडकीशी बसून तिने कोपर बाहेर काढलं आणि सहज खाली नजर गेली, तर पत्र्यावर लिहिलेलं: 'हात बाहेर काढू नये.' मामी म्हणते, तिने ते दोनदा वाचलं. मग 'हात बा' एवढ्यावर पंजा ठेवला आणि उरलेलं वाचलं. आणि भर बसमध्ये इतक्या जोरात हसली, की कंडक्टरने विचारलं, बाई, बरं वाटतंय ना? ती पुढच्याच थांब्यावर उतरली आणि परत फिरली. बहीण अजून रागावलेली आहे.

"अहो, तुमचा हेर सापडला!" दारातूनच ती ओरडली. "बसगाडीचा पत्रा आहे तो! मधोमध कापलाय, म्हणून 'बाहेर'चा 'हेर' झालाय. आणि तुमची ती भोकं सीटच्या बोल्टांची असणार."

मामाने हातातलं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, "तुझा नंबर तपासून बरीच वर्षं झाली. पण नजर काय आहे गं!" ही त्याच्या तोंडची सगळ्यात मोठी स्तुती.

दुसऱ्या दिवशी मामा आणि मी बस डेपोत गेलो. मागच्या बाजूला गाड्यांच्या सांगाड्यांवर पत्रे चढवायची शेड आहे. तिथे ठोकाठोकी इतकी, की बोलायचं तर कानाशी जावं लागतं. तिथल्या मुकादमाने मामाच्या मोबाईलमधला होडीचा फोटो मोठा करून पाहिला.

"पत्रा आमचाच. पण काका, आम्ही गाड्या बांधतो, होड्या नाही."

"मग ही कुणी बांधली?"

त्याने कान खाजवला. "माझ्या आधीचे पत्रेमास्तर आहेत अजून. पाण्याच्या टाकीमागे राहतात. त्यांना विचारा. मोठ्याने विचारा."

टाकीमागच्या इमारतीत तळमजल्यावर पत्रेमास्तरांचं घर होतं. दारातच कळलं, हेच. खिडकीच्या कट्ट्यावर नीट ठोकून बसवलेला पत्रा, दाराच्या कडीला पॉलिश, आणि कोपऱ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुकरांचे तुटके दांडे दुरुस्तीला आलेले. मास्तर चांगलेच थकलेले, पण मनगटं अजून जाड. आयुष्यभर हातोड्याच्या आवाजात राहिल्याने ऐकू कमी येत होतं. मामाने ओरडून सगळं सांगितलं. शेजारच्या खिडकीतल्या बाईलाही ते सगळं समजलं असणार.

मास्तरांनी फोटो हातात धरला. अंगठा स्क्रीनवरून फिरवला, तसा फोटो सरकून मामीचा फोटो आला. तो त्यांनी निमूट मागे सरकवला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली:

"अगं ए! तुझी होडी आलीय!"

आतून भांड्याचा आवाज थांबला. पदराला हात पुसत एक उंच, ताठ बाई बाहेर आल्या. केस पांढरेशुभ्र, आवाज मात्र खणखणीत.

"कुठली?"

"किती होड्या होत्या तुला? तीच."

त्यांनी फोटो घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि मामाला पहिलाच प्रश्न विचारला.

"अजून डावीकडे ओढते का?"

मामा खुर्चीतून उठलाच. "म्हणजे... ती ओढते? मी नाही?"

"तुम्ही कशाला ओढाल? तिची पाठच वाकडी आहे."

मामाने माझ्याकडे बघितलं. एवढा सुखी चेहरा मी त्याचा मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग दोघांनी मिळून गोष्ट सांगितली. मास्तर सांगायचे आणि बाई दुरुस्त करायच्या.

त्या काळी बाई त्याच डेपोत कंडक्टर होत्या. आजही आसपासचे लोक त्यांना कंडक्टरबाईच म्हणतात. एका वर्षी नदी चढली. खालच्या वस्तीला पाण्याने वेढा घातला. तळ्यावरच्या होड्या आणायच्या, तर मधला रस्ताच पाण्याखाली. डेपो उंचावर, गाड्या सगळ्या उभ्या आणि हाताला काम नाही. शेडमागे मोडीत काढलेल्या दोन बसगाड्या पडल्या होत्या. मास्तर तेव्हा तरुण होते. त्यांनी कुणाला न विचारता पत्रा सोलायला घेतला.

"होडी कशी असते ते मी चित्रात पाहिलेलं," मास्तर म्हणाले. "ठोकल्या रिबिटी, सांध्यात डांबर ओतलं. दिवस मावळायच्या आत उभी केली."

"उभी नव्हे, आडवी," बाई म्हणाल्या. "आणि मग सगळे ड्रायव्हर एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. एवढ्या मोठ्या गाड्या चालवणारे, पण वल्हं कसं धरायचं कुणाला माहीत नाही. माझे वडील तळ्यावर मासेमारी करायचे. मी म्हटलं, सरका, द्या इकडे."

सकाळी उजाडताच त्या निघाल्या. वस्तीतल्या घराघरांशी होडी लावून माणसं बाहेर काढायची, उंचावर आणून सोडायची, पुन्हा जायचं. एक शिंपी शिलाई मशीन सोडून यायला तयार होईना, तर त्याला मशीनसकट आणला. घाबरून सगळे एका कडेला गोळा झाले की बाई नेहमीच्या सवयीने ओरडायच्या, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे!" आणि म्हणे, त्या पाण्यातही लोक हसायचे.

"पहिल्या फेरीहून आली ती तरातरा माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "तोवर आमचं बोलणंसुद्धा नव्हतं. म्हणाली, ही कुणी ठोकली? मी ऐटीत सांगितलं, मी."

"मला वाटलं शाबासकी मागतोय. मी म्हटलं, सरळ रेघ मारता येत नाही का हो? सगळी वाट डावीकडे ओढतेय! माझे दंड भरून आलेत!"

पाणी ओसरल्यावर डेपोला होडीचं काय करायचं ते कळेना. साहेब म्हणाले, बाईंच्या वडिलांना देऊन टाका. तशी ती तळ्यावर गेली. आणि मास्तर दर सुट्टीला हातोडा घेऊन तिची पाठ सरळ करायला जाऊ लागले.

"मग झाली नाही सरळ?" मामाने ओरडून विचारलं.

मास्तरांना बहुधा ऐकू आलं नाही. उत्तर बाईंनी दिलं. "करायची होती कुणाला? सरळ झाली असती तर पुढच्या सुट्टीला यायला निमित्त काय होतं?"

मास्तर ओठ बघून समजले. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

वडिलांचे हात थकेपर्यंत होडी त्यांच्याकडे होती. मग ती विकली गेली, या हातातून त्या हातात. मुलं, नोकरी, घर यांत कंडक्टरबाईंचं तळ्याकडे जाणं सुटलं. "गेली असेल भंगारात, असंच धरून चालले होते," त्या म्हणाल्या आणि फोटो पुन्हा एकदा मागून घेतला.

पुढच्या रविवारी मी दोघांना गाडीतून तळ्यावर नेलं. मामी आणि मामा आधीच पोचले होते. मामाने होडी घासूनपुसून अशी लख्ख केली होती, जशी दुकानातल्या काउंटरवरची काच. कंडक्टरबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला, मामाच्या आधाराच्या हाताकडे दुर्लक्ष केलं आणि आत जाऊन वल्ही धरली. वय झालेलं, दम लागत होता, पण पहिल्या चार हातांतच होडी समोरच्या झाडाकडे सुतासारखी निघाली. मामा काठावरून बघत होता. परत आल्यावर त्यांनी त्याला शेजारी बसवलं.

"डाव्या हाताला जोर जास्त. उजवा नुसता सोबतीला. भांडायचं नाही हिच्याशी. हिला पुढे काय करायचंय ते ओळखायचं आणि त्याच्या आधी आपण करायचं."

मामाने केलं. होडी झुडपात गेली नाही. मामीने काठावरून टाळ्या वाजवल्या.

मास्तर मात्र लांब, झाडाच्या सावलीत उभे होते. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही नाही बसणार?" त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "ते एकदाही बसले नाहीत हिच्यात. पाण्याला भितात. एवढ्या सुट्ट्या आले, पण ठोकाठोकी सगळी काठावर."

"बनवणाऱ्याने बसायचं नसतं," मास्तर म्हणाले. म्हणजे ऐकू येत होतं.

मामी पुढे झाली. "मीही आजवर बसले नाही," ती म्हणाली. "मी ह्यांच्या वल्हवण्याला भिते. चला, दोघं मिळून भिऊ."

काय वाटलं कुणास ठाऊक, मास्तर आले. आधी त्यांनी कडेवर हात फिरवला, एक रिबिट अंगठ्याने दाबून पाहिली, मग पाय टाकला. होडी हलली, तशी त्यांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी वल्ही मामाकडे दिली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. चौघं निघाले. मी काठावर राहिले. मध्यावर गेल्यावर मास्तरांनी डोळे उघडलेले मला दिसले. ते वाकून तळाच्या पत्र्यावर तळवा ठेवून होते. नंतर मी विचारलं, काय बघत होता? म्हणाले, "खालून पाणी जातं ते हाताला कळतं. मला कधी माहीतच नव्हतं."

तेव्हापासून ते दोघं बहुतेक रविवारी येतात. बाईंनी मामाला गळाला आमिष लावायला शिकवलंय, आणि परवा त्याने खरोखर एक मासा आणला. मामीने तो चष्मा लावून तपासला. आणि मास्तर हल्ली घरून स्वतःची उशी घेऊन येतात. म्हणतात, फळी फार टणक झालीय, कुणी बसवली होती कोण जाणे.